शाबीत न झालेला मासा

कुठलीही गोष्ट सांगायची झाली, की पटवारी साहेब आधी मागे वळून बघायचे. मागे कोणी नसलं तर गोष्ट सांगायचेच नाहीत. "थांबा, दोन माणसं येऊ द्या," म्हणायचे. मग ती दोन माणसं येईपर्यंत आपण ताटकळत उभे.

माझी-त्यांची ओळखच मुळी अशी झाली. चिखलीच्या बाजारात त्यांनी टरबूज घेतलं, तिथंच कापायला लावलं, आणि ते आतून पांढरंफटक निघालं. तुम्ही-मी असतो तर विक्रेत्याशी भांडलो असतो. यांनी वाटेनं जाणाऱ्या दोघांना थांबवलं. "तुमी या. न तुमी बी या. पाहा बरं, लाल आहे का पांढरं?" आम्ही म्हटलं, पांढरं. "झालं तं मग," म्हणाले, आणि तेच पांढरं टरबूज पिशवीत घालून घरी घेऊन गेले. बदलून मागितलं नाही, आवाज चढवला नाही. टरबूज पांढरं आहे एवढं दोघांदेखत ठरलं, त्यांचं काम झालं. त्या दोघांतला एक मी. त्या दिवसापासून मी त्यांचा कायमचा पंच झालो.

ते तलाठी होते. आमच्या वऱ्हाडात अजून पटवारीच म्हणतात, म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना पटवारी साहेबच म्हणायचे. उभी नोकरी पंचनामे करण्यात गेली. गारपीट झाली, पंचनामा. कडब्याची गंजी जळाली, पंचनामा. बैल विहिरीत पडला, पंचनामा. तीस-पस्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकं तसंच चालायला लागतं. घरी दूध उतू गेलं तरी काकूंना हाक मारून शेजारणीलाही बोलवायचे, असं काकूच सांगायच्या. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. हसऱ्या बाई. साहेबांची टिंगल करायचा पहिला मान त्यांचा होता आणि तो त्या सोडत नसत.

टिंगलीचं मोठं कारण मासा हे होतं.

झालं असं, की नोकरीच्या अगदी सुरुवातीला, पैनगंगेवर धरण व्हायच्या आधी, साहेब एका नदीकाठच्या गावात सजेवर, म्हणजे तलाठ्याच्या नेमणुकीवर, होते. गळाचा नाद तेव्हापासूनचा. एका सकाळी त्यांच्या गळाला शिंगाळा लागला. लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासा असतो, तो. साहेबांचं म्हणणं असं, की तो खाटेएवढा लांब होता. त्यांनी त्याला काठापर्यंत ओढत आणला, त्याची पाठ, मिशा, सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि मग त्यानं शेपटीचा असा तडाखा दिला की गळाची दोरी, म्हणजे तंगूस, तुटली आणि मासा गेला. काठावर दुसरं कोणी नव्हतं. साहेबांनी मागे वळून पाहिलं तर एक गाढव चरत होतं.

हे त्यांनी कचेरीत सांगितलं आणि जन्माचे फसले. तहसीलमध्ये ती म्हणच पडली. "रस्ता मंजूर झाला म्हनतात." "पटवाऱ्याचा मासा!" "बदलीची ऑर्डर निघाली म्हने." "पटवाऱ्याचा मासा!" जे दिसलं नाही, मिळणार नाही, ते सगळं पटवाऱ्याचा मासा. नंतर आलेल्या पोरांना ही म्हण कोणावरून पडली हेही माहीत नव्हतं. त्यांनी ती साहेबांच्या तोंडावर वापरली. आणि घरी काकू चहा देताना विचारायच्या, "किती लांब व्हता म्हने तो? दर वर्षी वाढून राह्यला."

साहेब चिडायचे नाहीत. चहा संपवायचे. ते चिडत नाहीत म्हणून आम्हाला वाटायचं, त्यांना त्याचं काही नाही.

मी चिखलीत लग्नाचे व्हिडिओ काढतो. निवृत्तीनंतर वर्षभरानं साहेब माझ्या दुकानात आले, मागे वळून दुकानात आणखी कोण आहे ते पाहिलं, झेरॉक्सला आलेल्या एकाला थांबवून घेतलं आणि मग मोबाईल काढला. परदेशातला कुठलातरी कार्यक्रम होता. दोन गोरे होडीतून जंगलात जातात, तंबू ठोकतात, तीन-चार दिवस मासे धरतात, धरलेल्या माशाचा मुका घेतात आणि पाण्यात सोडून देतात.

"असं काहाडायचं आपल्याले," साहेब म्हणाले.

"मुका घेणार तुम्ही?"

"मुका नाही. पंचनामा."

मला वाटलं थट्टा करतायत. पण या माणसाची थट्टा आणि गंभीरपणा यात फरक करायला मला कधीच जमलं नाही. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर तुमचीही तीच गत झाली असती. कार्यक्रमाचं नावही त्यांनी ठरवून आणलं होतं: 'समक्ष मासेमारी'.

पहिले सहा-सात भाग आम्ही धरणाच्या काठावरूनच केले. मी कॅमेरा लावायचा, म्हणायचं, "साहेब, हसा जरा, लोकांना रामराम करा." ते ताठ उभे राहायचे आणि सुरू करायचे: "मौजे अमुक, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. चतुःसीमा. पूर्वेस नाला, पश्चिमेस बाभळीचे झाड, उत्तरेस पाणी, दक्षिणेस आम्ही." एरवी अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस कॅमेरा सुरू झाला की सातबाऱ्यासारखा बोलायला लागायचा. मासा मिळाला की फूटपट्टी लावायची, मला आणि काठावरच्या एखाद्या गुराख्याला पंच म्हणून उभं करायचं आणि वहीतून वाचायचं: "सदर मासा जिवंत असून तोंडाची उघडझाप करीत आहे. सदर माशाची कोणाविरुद्ध तक्रार नाही. सदर मासा मूळ ठिकाणी परत करण्यात आला." मग आमच्या सह्या आणि मासा पाण्यात.

बघणारे चक्रावले. नेटवर टाकलेल्या व्हिडिओखाली लिहायचे, "काका, सोडला काऊन? रस्सा कुठी आहे?" कोणी लिहायचं, "हे मासेमारी आहे का महसूल खातं?" मीही चक्रावलो होतो. गाजायचं असेल तर ते असं होणार नव्हतं. खायचं म्हणावं तर मासे परत जात होते. एकदा विचारलंच, "साहेब, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" ते म्हणाले, "पाहू ना." एवढंच. हे 'पाहू ना' त्यांचं ठरलेलं होतं. ज्याचं उत्तर द्यायचं नाही, त्याला पाहू ना.

मग थंडीत त्यांनी तीन दिवसांची सफर काढली. धरणाच्या फुगवट्याचं पाणी मागे डोंगरात पार आत शिरलंय. त्याच्या फाट्याफाट्यांतून, जिथं रस्ता नाही, तिथं डोंग्यानं जायचं, तंबूत राहायचं आणि शिंगाळा धरायचा. डोंगा किसनभाऊंचा. किसनभाऊ साठीचे, पिढीजात मासे धरणारे, बोलायला कंजूस. डोंगा पत्र्याचा, जागोजाग डांबर लावलेला. मला पोहता येत नाही हे मी आधीच सांगितलं. किसनभाऊ म्हणाले, "मंग हालू नका." यापलीकडे सुरक्षेची काही सोय नव्हती.

बसायची तऱ्हा अशी: मागच्या टोकाला किसनभाऊ वल्हं घेऊन, मध्ये फळीवर साहेब, पुढच्या टोकाला मी, पाठ पाण्याकडे आणि कॅमेरा त्या दोघांकडे. म्हणजे आपण कुठं चाललोय ते मला तीन दिवस दिसलंच नाही.

तसं ते कोणालाच नीट कळत नव्हतं, कारण वाट साहेब दाखवत होते. त्यांनी धरणाच्या आधीचा जुना गावनकाशा आणला होता. खाली बुडालेल्या प्रत्येक वावराचा गट नंबर त्यांना पाठ. मोकळं, समोर पसरलेलं पाणी, सरळ गेलं तर पंधरा मिनिटांत पलीकडे. साहेब म्हणाले, "किसन, डावीकडून घे. अठून शिवरस्ता आहे."

किसनभाऊंनी वल्हं थांबवलं. "साहेब, रस्ता पान्याखाली हाये."

"मले मालूम आहे. पण सरळ गेलं तं लोकाच्या वावरातून जाणं होते."

"वावर कुठी हाये, साहेब?"

"मोबदला भेटला म्हणून काय झालं? माणसानं रीत सोडू नये."

आणि आम्ही खरोखर त्या बुडालेल्या शिवरस्त्याच्या वळणावळणानं, मोकळ्या पाण्यावर नागमोडी, दीड तास गेलो. दोनदा चुकलो. एका फाट्यात शिरलो तो पुढे बंद निघाला; साहेबांच्या मते तिथं गावठाण होतं आणि आम्ही ग्रामपंचायतीच्या मागच्या बाजूला आलो होतो. किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी किसनभाऊंकडे. कॅमेरा चालू होता. वेड्यांच्या हाती लागलोय की शहाण्याच्या, मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर चहा करताना, कॅमेरा बंद होता म्हणून की काय, साहेब आपणहून बोलले. मागे वळूनही बघितलं नाही. "फोटोवाले, माह्या सहीवर गारपीट खरी होते. माह्या सहीवर मेलेला बैल मेला असं सरकार मानते. न माह्या तोंडावर एक मासा खरा होत नाही. इतक्या वर्षांत एक जण म्हणला नाही, की पटवारी म्हणते तं असंन बापा." मग म्हणाले, "घरचीही नाही."

मी चहा घेतला. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस मासा धरायला आलेलाच नाही. त्याला मासा दाखवायचा होता. तोच नाही, तसाच एक. दोघांदेखत.

त्याच दुपारी तो लागला.

एका अरुंद फाट्यात होतो, दोन्हीकडे पळस आणि सालईचा डोंगर. साहेबांनी गळ टाकून बराच वेळ झाला होता आणि मी कंटाळून त्यांच्या टोपीवर फोकस करत बसलो होतो. एकाएकी गळाची काठी वाकली. टोक पाण्यात गेलं. चक्री गरगर ओरडायला लागली, साहेब उठायला गेले आणि डोंगा एका अंगावर झुकला. पाणी आत आलं. माझ्या मांडीपर्यंत गार लागलं आणि मी मेलो असं मला वाटलं. मी कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि डोळे गच्च मिटले. लग्नाच्या धंद्यात निसटलेलं पुन्हा मिळतं; नवरदेवाला म्हणता येतं, हार परत घाला. इथं काय म्हणणार होतो? पण तेव्हा तेही सुचलं नाही. नुसते डोळे मिटले. म्हैस पाण्यात बसावी तसा एक मोठा आवाज झाला, डोंगा परत सरळ झाला, आणि सगळं शांत झालं.

डोळे उघडले तर काठी सरळ होती आणि तुटलेली तंगूस वाऱ्यावर हलत होती. साहेब पाण्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांचा श्वास लागला होता.

"पाह्यला?"

"हो," मी म्हणालो.

"केवढा होता?"

"लय मोठा, साहेब."

"मिशा?"

"होत्या ना!"

आता तुम्ही मला खोटारडा म्हणाल. म्हणा. पण तो चेहरा तुम्ही पाहिला नाही. मांडवात नवरीची आई विचारते, चांगली दिसते ना हो माझी पोरगी? तेव्हा कोणी नाही म्हणतं का? मला नाही म्हणवलं नाही.

साहेब किसनभाऊंकडे वळले. किसनभाऊ खाली वाकून तेलाच्या डब्यानं पाणी उपसत होते. वर न बघता म्हणाले, "मी तं पानी उपसत व्हतो, साहेब. मले काई दिसलं नाई."

साहेबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढली. फळीवर बसून बराच वेळ लिहिलं. मग वही माझ्यापुढे धरली, अंगठ्यानं वरचा मजकूर झाकलेला, आणि खाली बोट दाखवलं. मी सही केली. एरवी ते पंचनामा कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं वाचायचे. म्हणालो, "साहेब, वाचून दाखवा ना. आजचा तर खास आहे."

"काही गरज नाही. सही झाली ना?"

वही घेऊन ते परत काहीतरी लिहीत बसले. मला वाटलं, आनंदानं बोलवत नसेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाले, "चला घरी." सफरीचा शेवटचा दिवस तसाच राहिला. येताना किसनभाऊंना म्हणाले, "घे सरळ." आम्ही लोकांच्या वावरांवरून सरळ आलो. उतरताना मला म्हणाले, "हा भाग टाकू नका."

मी गोंधळून गेलो. जन्मभर ज्याच्यासाठी तळमळला, तो पंच मिळाला, सही मिळाली, आणि हा माणूस म्हणतो टाकू नका! त्यानंतर 'समक्ष मासेमारी'चा एकही भाग निघाला नाही. विचारलं, की "पाहू ना."

मला वाटलं, ते संकोचतात तर आपण बोलावं. मी चहाच्या टपरीवर सांगायला लागलो, मी स्वतः पाहिला म्हणून. पांढरं पोट, करडी पाठ, हाताएवढ्या मिशा. इतक्यांदा सांगितलं की मला तो दिसायलाच लागला. लोक म्हणायचे, "विडिओ दाखव." मी म्हणायचो, साहेब नाही म्हणतात. मग सगळे एका सुरात, "पटवाऱ्याचा मासा!" आता त्या म्हणीत मीही आलो होतो. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा रस्त्यात थांबवून एवढंच म्हणाले, "जास्त नका सांगू, फोटोवाले. उलटतपासणीत अडकसान."

गेल्या वर्षी साहेब गेले. सकाळी दाढी करताना खुर्चीतच. चार-पाच दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. तेरवीला पडद्यावर दाखवायला त्यांचा व्हिडिओ हवा होता. फोटो काढून देताना त्यांनी ती वहीही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुमच्या सहीचं पान आहे. वाचा बरं."

सगळं सरकारी वळणदार अक्षर. स्थळ, वेळ, चतुःसीमा. माशाची लांबी 'अंदाजे खाटेइतकी'. खाली माझी सही. सहीच्या खाली, नंतर लिहिलेलं: "पंच क्रमांक एक यांनी माझे समाधानासाठी सही केली. मासा वर आला त्या वेळी मी पंचांकडे पाहिले असता त्यांचे डोळे मिटलेले होते. पंच क्रमांक दोन यांनी पाहिले नसल्याचे सांगितले. सबब मासा शाबीत होत नाही."

मी ते दोनदा वाचलं. खाटेएवढा मासा वर येत होता, आणि हा माणूस माशावरची नजर काढून माझ्याकडे बघत होता. आपल्या माशाकडे त्यानं धड पाहिलंही नसेल. तेही माझ्यासाठी, आणि माझे डोळे बंद.

"डोये मिटले व्हते तुमचे?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"मंग सही काऊन केली?"

 काकू रागावल्या नाहीत. "म्हंजे मासा नवताच," असं म्हणून वही मिटली. त्यांचं जुनं हसू आलं नाही, हेच मला सहन होईना.

दुकानात येऊन मी ती जुनी क्लिप काढली. इतके दिवस ती उघडलीच नव्हती. टाकायचीच नाही तर बघायची कशाला, आणि खरं सांगायचं तर स्वतःची लाज होती. क्लिपमध्ये मासा नाही. आधी साहेबांची टोपी आहे, मग आभाळ, मग माझ्या शर्टाचं बटण. मग एका कोपऱ्यात, थोडा तिरका पण स्वच्छ, किसनभाऊंचा चेहरा. ते पाणी उपसत नाहीत. वल्हं हवेत तसंच धरलंय, त्यावरून पाणी गळतंय. डोळे पाण्यावर आहेत आणि डावीकडून उजवीकडे सरकतायत, हळू, खूप लांबवर. तोंड उघडं पडलंय. मग ते साहेबांच्या पाठीकडे बघतात, आणि पटकन खाली वाकून डबा उचलतात.

मी आयुष्यात हजारो चेहरे कॅमेऱ्यातून पाहिलेत. रडणारे, रडल्यासारखं करणारे, आहेर बघून हसणारे. खरा चेहरा मला कळतो. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढून सरळ धरणावर गेलो.

किसनभाऊ जाळं वाळत घालत होते. मी मोबाईलवर त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि जाळं खाली ठेवलं.

"पाह्यला ना," म्हणाले. "पुरा पाह्यला. पयले पाठ आली, मंग मिशा. मंग नुसतं आंगच चाललं. मी म्हनलो आता सरन, आता सरन, तं सरेचना."

"मग तेव्हा का नाही बोललात?" माझा आवाज चढला होता.

"बोललो असतो तं सही मांगली असती."

आणि मग या कंजूस माणसानं सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी दोन भावांत बांध कोरल्याचं भांडण झालं. पंचनाम्याला पंच हवे होते. "साहेबायनंच बलावलं मले. मी म्हनलो, साहेब, मी तं नदीवर व्हतो, मले काई मालूम नाई. साहेब म्हनले, मालूम नसलं तरी चालते, सही येते ना? केली सही. मंग ते गेलं कोर्टात. किती वर्स तारखा केल्या मी! वकील विचारे, बांध कुठून कोरला? मले काय मालूम? दोघंही भाऊ माह्यासंग बोलाचे बंद झाले. तवापासून आपुन कागदाले हात लावत नाई. साहेबाले ते आठवत नवतं. मले आठवते."

मी तिथंच दगडावर बसलो. ज्यानं पाहिलं नाही त्यानं सही केली, ज्यानं पाहिलं तो गप्प बसला, आणि हे सगळं त्या माणसानंच आयुष्यभर आपल्या हातानं पेरलेलं. त्याच्यावर रागवावं की त्याच्यासाठी रडावं मला समजेना. शेवटी रडलोच. किसनभाऊ शेजारी उभे होते. म्हणाले, "साहेब वाईट नवते. सवय व्हती त्यायले."

मी म्हणालो, "काकूंना सांगायला चला."

"कागद नाई ना?"

"कागद नाही."

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते चिखलीला आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. काकूंनी बसायला सांगितलं तरी उभेच राहिले. उभ्यानंच सांगितलं, मला सांगितलं तसंच, पाठ, मिशा, अंग. काकूंचा हात पदराशी होता.  झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "केवढा व्हता?"

किसनभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत साहेबांचा दिवाण होता. ते उशाशी गेले, तिथं हात ठेवला, आणि कडेकडेनं चालत पायथ्याशी आले. तिथं थांबले नाहीत. आणखी अर्धं पाऊल पुढे गेले.

"अठपावतर," म्हणाले. "शेपूट बाहेर."

काकू त्या दिवाणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सारा जलम हासले हो." आणि त्यांना रडू आलं. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पण त्या रडण्यात कुठंतरी हसूही होतं, काहीतरी मोठी बातमी हाताला लागल्यासारखं. त्या लगबगीनं उठल्या, डोळे पुसत आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, आयकलं का, हे किसनभाऊ काय म्हनून राह्यले..."

तिथंच थांबल्या. हात चौकटीवर तसाच राहिला, आणि आम्ही तिघंही त्या दाराकडे बघत राहिलो.